डोस तोच, दिवस वेगळे

दर तीन आठवड्यांनी २५० मिलिग्रॅमचं एक इंजेक्शन. टेस्टोस्टेरॉन बाहेरून घ्यावं लागणाऱ्या माणसाच्या चिठ्ठीवर आपल्याकडे पुष्कळदा एवढंच लिहिलेलं असतं. इंजेक्शन झाल्यावर काही दिवस अंगात जोर असतो, कमी झोप पुरते, कुणी काही बोललं की आवाज पटकन चढतो. मधले दिवस बरे जातात. तिसरा आठवडा लागला की संध्याकाळी गळून गेल्यासारखं होतं, कामात लक्ष लागत नाही, कामेच्छा मावळते, क्षुल्लक गोष्टीवरून डोळे भरून येतात. मग पुढचं इंजेक्शन, आणि पुन्हा तोच फेरा. घरचे याला लहरीपणा म्हणतात. हळूहळू तो माणूसही स्वतःला लहरी समजू लागतो. मला वाटतं, हा त्याच्यावर अन्याय आहे. या चढउताराचं मूळ बऱ्याचदा दोन इंजेक्शनांमधल्या अंतरात असतं, आणि डॉक्टरांशी बोलून ते अंतर बदलता येतं.

आधी हे औषध कुणाला लागतं ते पाहू. छत्रपती संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, म्हणजे १९५६ साली सुरू झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय, जालना, बीड, परभणी, हिंगोलीपासूनच्या लोकांचा आधार आहे. टेस्टोस्टेरॉन कमी पडण्याची कारणं या सगळ्या पट्ट्यात तीच आहेत जी जगात सगळीकडे असतात. वयात आल्यावर झालेलं गालगुंड वृषणापर्यंत पोचणं, लहानपणी वृषण खाली न उतरणं, क्लाइनफेल्टर सिंड्रोम म्हणजे जन्मतःच एक एक्स गुणसूत्र जास्त असणं, कर्करोगावरची किरणं किंवा औषधं, मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीची गाठ किंवा तिची शस्त्रक्रिया. यात एक कारण मात्र खास आपल्या रानातलं आहे, आणि डॉक्टरांनीही ते मुद्दाम विचारावं असं आहे. घोणस चावल्यावर रक्त गोठण्याची सगळी व्यवस्था बिघडते. काही रुग्णांत त्यात पिट्युटरी ग्रंथीलाच इजा होते. माणूस वाचतो, पायाची सूज उतरते, तो शेतावर परत जातो. नंतर कधीतरी दाढी विरळ होऊ लागते, थंडी सोसत नाही, थकवा जात नाही. तोवर तो दंश जुनी गोष्ट झालेली असते आणि कुणी तिचा संबंध लावत नाही. अशा रुग्णाला आधी कॉर्टिसॉल आणि थायरॉइड पाहून तेच दुरुस्त करावं लागतं. टेस्टोस्टेरॉनचा नंबर त्यानंतरचा.

निदानासाठी त्रास आणि आकडा दोन्ही लागतात. नुसता थकवा आहे म्हणून इंजेक्शन सुरू करायचं नाही, आणि त्रास काहीच नसताना एका रिपोर्टवरूनही नाही. सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगवेगळ्या दिवशी रक्त तपासून दोन्ही वेळा पातळी कमी आली तरच पुढे जायचं. स्थूल नसलेल्या १९ ते ३९ वर्षांच्या निरोगी पुरुषांत एकूण टेस्टोस्टेरॉन दर डेसिलिटर रक्तात साधारण २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम असतं. वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा इथल्या कारखान्यांत पाळ्या फिरत असतात, त्यांच्यासाठी इथे एक सूचना महत्त्वाची आहे. टेस्टोस्टेरॉन झोपेत वाढतं आणि जाग आल्यावर सर्वाधिक असतं. घड्याळातल्या सकाळपेक्षा झोपेशी त्याचं नातं जास्त घट्ट आहे. रात्रपाळी संपवून सकाळी आठला थेट लॅबमध्ये गेलेल्या कामगाराचा आकडा कमी येऊ शकतो. त्याने पाळी दिवसाची असताना, नीट झोप झाल्यावर तपासणी करावी, आणि निदान पाळी कोणती चालू आहे एवढं तरी डॉक्टरांना सांगावं. वजन फार वाढलं असेल किंवा मधुमेह असेल तर टेस्टोस्टेरॉनला रक्तात वाहून नेणारं प्रथिन, एसएचबीजी, कमी असतं. मग एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. अशा माणसाचं वजन उतरलं की आकडाही पुष्कळदा वर येतो.

आता मूळ विषय. प्रौढ पुरुषाचं शरीर दिवसाला साधारण पाच-सात मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, रोज, थोडं थोडं. बाहेरून देताना नेमकं हेच साधत नाही. १९३५ साली अ‍ॅमस्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाक्यूर यांच्या गटाने बैलाच्या वृषणातून शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं केलं. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिच्का यांनी ते स्वतंत्रपणे प्रयोगशाळेत तयार केलं, आणि दोघांना १९३९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण हाती आलेलं हे शुद्ध औषध गिळलं तर यकृतातच त्याचा निकाल लागतो, आणि सुईने दिलं तर रक्तातून काही मिनिटांत ओसरू लागतं. यावर उपाय निघाला तो त्याला एक मेदाम्ल जोडण्याचा. असं जोडलेलं रूप म्हणजे एस्टर. एस्टर तेलात चांगलं विरघळतं, तेल स्नायूत जाऊन बसतं, आणि तिथून औषध सावकाश रक्तात उतरतं. रक्तात आल्यावर शरीरातली विकरं ते मेदाम्ल तोडून टाकतात आणि मूळ टेस्टोस्टेरॉन मोकळं होतं. मेदाम्लाची साखळी जितकी लांब, तितकं ते तेलाला जास्त धरून राहतं.

प्रोपिओनेटची साखळी आखूड, त्याचा परिणाम दोन-तीन दिवसांत संपतो. एनान्थेट आणि सायपिओनेट मधले. अनडेकॅनोएट सर्वांत लांब. या साखळीचंही वजन मिलिग्रॅममध्ये धरलेलं असतं, हे चिठ्ठी वाचताना लक्षात ठेवावं. १०० मिलिग्रॅम एनान्थेटमध्ये खरं टेस्टोस्टेरॉन ७२ मिलिग्रॅम असतं, तर १०० मिलिग्रॅम अनडेकॅनोएटमध्ये ६३. म्हणून एका औषधावरून दुसऱ्यावर जाताना मिलिग्रॅमला मिलिग्रॅम असा हिशेब लावू नये.

एनान्थेटचं अर्धायुष्य साधारण साडेचार दिवस धरतात. म्हणजे दर साडेचार दिवसांनी रक्तात उरलेलं औषध निम्म्यावर येतं. इथे जरा गणित करून पाहू. चौदा दिवसांनी उरतं ते जेमतेम १२ टक्के. म्हणजे दर पंधरवड्याला इंजेक्शन घेणाऱ्याची शिखराची पातळी तळाच्या आठपटीहून जास्त असते. दर सात दिवसांनी निम्मा डोस घेतला तर तळाला ३४ टक्के उरतं आणि फरक तिपटीवर येतो. आठवड्यातून दोनदा, दर साडेतीन दिवसांनी, त्याचाही निम्मा डोस घेतला तर तळाला ५८ टक्के उरतं आणि फरक पावणेदोन पटीपर्यंत खाली येतो. शरीरात गोष्टी इतक्या रेखीव घडत नाहीत. औषध तेलातून उतरायला एखाद-दोन दिवस घेतं, आणि प्रत्येकाचं यकृत, चरबी, स्नायू वेगळे. पण दिशा तीच राहते. महिन्याची बेरीज तिन्ही वेळापत्रकांत सारखीच आहे, हे मुद्दाम पाहावं. बदलले ते फक्त दिवस.

संभाजीनगरकरांना हे समजावून सांगायला फार खटपट पडत नाही. जायकवाडी धरणाचं पाणी नळाला काही दिवसांआड येतं. आलं त्या दिवशी टाकी भरून वाहते, आणि पुढच्या पाळीच्या आदल्या दिवशी तळाशी तांब्या खरवडावा लागतो. महिन्याला घरात आलेलं पाणी पुरेसं असूनही हे होतं.

शिखरावरचं जास्तीचं टेस्टोस्टेरॉन नुसतं वाया जात नाही. चरबीतलं अ‍ॅरोमाटेज नावाचं विकर त्यातलं काही इस्ट्राडिऑलमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात बदलतं. त्याने छाती दुखरी होणं, अंगात पाणी साचणं, मन हळवं होणं असे त्रास काहींना होतात. दुसरं, टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला लाल पेशी बनवायला उत्तेजन देतं, आणि मोठी शिखरं देणाऱ्या इंजेक्शनांवर रक्त दाट होण्याचा त्रास जेलपेक्षा जास्त दिसतो. तळाशी गेल्यावरचे त्रास तर सुरुवातीलाच सांगितले. पिट्युटरी आणि वृषण बाहेरच्या औषधामुळे झोपी गेलेले असतात, म्हणून तळाच्या दिवसांत शरीर स्वतःहून ती उणीव भरून काढत नाही.

१९८० साली स्नायडर आणि लॉरेन्स या अमेरिकन डॉक्टरांनी एनान्थेटची चार वेळापत्रकं शेजारी शेजारी ठेवून पाहिली. दर आठवड्याला १००, दर दोन आठवड्यांनी २००, तीन आठवड्यांनी ३००, चार आठवड्यांनी ४०० मिलिग्रॅम. सरासरी चौघांची एकच. अंतर वाढवलं की शिखर उंच जातं आणि तळ खोल जातो, हे तेव्हापासून माहीत आहे. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला ७५ ते १०० किंवा दर दोन आठवड्यांनी १५० ते २०० मिलिग्रॅम, असे दोन्ही पर्याय दिलेले आहेत.

आपल्याकडे सर्वांत परिचित नाव सस्टेनॉन २५०. यात चार एस्टर एकत्र आहेत: प्रोपिओनेट ३०, फिनाइलप्रोपिओनेट ६०, आयसोकॅप्रोएट ६० आणि डेकॅनोएट १०० मिलिग्रॅम. आखूड साखळीने लगेच सुरुवात करावी आणि लांब साखळीने शेवटपर्यंत टिकवावं, ही कल्पना कागदावर सुरेख आहे. प्रत्यक्षात २४ ते ४८ तासांत चौघांचा भार एकत्र येऊन पातळी लिटरला ७० नॅनोमोलपर्यंत चढते. आपल्या एककात हे २००० च्या आसपास, म्हणजे निरोगी तरुणाच्या वरच्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त. मग ती उतरत जाते आणि तीन आठवड्यांत खालच्या मर्यादेवर येते. कंपनीचं नेहमीचं वेळापत्रकही तीन आठवड्यांचंच आहे, म्हणजे पुढचं इंजेक्शन नेमकं तळ गाठल्यावर पडतं. कुणाला याचा काही त्रास होत नाही, आणि त्याने बदलायची काही गरजही नाही. ज्याला होतो त्याच्यासाठी २५० ला तीनने भागलं तर आठवड्याला सुमारे ८३ मिलिग्रॅम येतात. बेरीज न वाढवता दिवस जवळ आणण्याची जागा तिथे आहे. ज्याला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असेल त्याने ते आधीच सांगावं: सस्टेनॉन शेंगदाणा तेलात केलेलं असतं.

इथे प्रत्यक्षातली अडचण येते, आणि चिठ्ठी लिहिताना तिचा विचार क्वचितच होतो. अमेरिकेत टेस्टोस्टेरॉनच्या मोठ्या व्हायल मिळतात, रबरी झाकणातून हवा तेवढा डोस काढता येतो. आपल्याकडे क्रांती चौकातल्या मेडिकलवर मिळतो तो १ मिलिलिटरचा काचेचा अँप्युल. मान मोडली की तो उघडाच राहतो. उरलेलं औषध सिरिंजमध्ये भरून फ्रीजमध्ये ठेवायचं आणि पुढच्या आठवड्यात टोचायचं, असा जुगाड लोक करतात. उघड्या अँप्युलमधलं औषध जंतुविरहित राहत नाही, आणि स्नायूत गळू झालं तर ते फार दुखणं असतं. यातून वाटा दोन. डॉक्टरांना कमी मात्रेचा अँप्युल लिहून द्यायला सांगावं, किंवा उरलेलं औषध टाकून देण्याचा खर्च धरावा. मधला मार्ग म्हणून २५० मिलिग्रॅम तीनऐवजी दोन आठवड्यांनी द्यायचं ठरलं, तर आठवड्याची सरासरी ८३ वरून १२५ वर जाते. हे दिवस बदलणं राहिलं नाही, डोस वाढवणं झालं. असं सहज, बोलता बोलता ठरतं, आणि सहा महिन्यांनी रक्त दाट का झालं असा प्रश्न पडतो.

आठवड्याला टोचायचं म्हणजे दर वेळी दवाखान्यात रांग लावणं शक्य नाही. सिस्टरकडून नीट शिकून घरी मांडीच्या बाहेरच्या बाजूला घेता येतं. जागा बदलत राहावी लागते. कमी मात्रा त्वचेखालच्या चरबीत, इन्सुलिनसारखी बारीक सुई वापरून देण्याचीही पद्धत आता रुळली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये आठवड्याला एकदा त्वचेखाली घ्यायच्या एनान्थेटला मान्यता दिली, आणि त्यासोबत रक्तदाब वाढू शकतो असा ठळक इशाराही दिला. आपल्याकडचा अँप्युल त्वचेखाली देता येईल का, हे डॉक्टरांनी ठरवायचं. वापरलेल्या सुया घंटागाडीत सुट्या टाकू नयेत. जाड प्लास्टिकच्या झाकणाच्या बरणीत साठवून दवाखान्यात परत द्याव्यात.

सुईची संख्याच कमी हवी असेल तर दुसऱ्या टोकाचा पर्याय अनडेकॅनोएटचा. १००० मिलिग्रॅम, ४ मिलिलिटर एरंडेल तेलात. पहिल्यानंतर सहा आठवड्यांनी दुसरं, आणि मग दर दहा ते चौदा आठवड्यांनी. सिल्लोड किंवा पैठणहून येणाऱ्याला वर्षाला चार-पाच खेपा पुरतात. याचं अर्धायुष्य साधारण ३४ दिवस, म्हणून चढउतार सौम्य असतो. पण इंजेक्शन कुल्ल्याच्या स्नायूत खोल आणि सावकाश, निदान दोन मिनिटं घेऊन द्यायचं असतं. तेलाचा थेंब शिरेतून फुप्फुसात गेला तर लगेच खोकल्याची उबळ येते, छाती आवळते, म्हणून नंतर अर्धा तास दवाखान्यातच बसून राहावं. इथेही अंतर हाच मुख्य स्क्रू आहे. चौदा आठवड्यांच्या वेळापत्रकात शेवटचे दोन आठवडे जड जात असतील तर बारावर आणतात, कधी दहावर. उलट बाजूही सांगितली पाहिजे: काही अडचण आली तर हे औषध अंगातून लवकर निघत नाही. म्हणून सुरुवातीलाच थेट यावर जाण्याऐवजी आधी काही महिने कमी टिकणारं औषध घेऊन पाहणं मला जास्त समंजसपणाचं वाटतं.

रोजच्या रोज देण्याचा मार्ग जेलचा. एक टक्का जेलच्या पाच ग्रॅमच्या पाकिटात ५० मिलिग्रॅम असतं आणि त्यातलं सुमारे दहा टक्के त्वचेतून आत जातं, म्हणजे जवळजवळ शरीर रोज बनवतं तेवढंच. पातळी सपाट ठेवण्यात जेलचा हात धरणारं दुसरं सहज मिळत नाही. मात्र खर्च जास्त, आणि रोजची शिस्त हवी. सकाळी आंघोळ करून अंग पूर्ण कोरडं झाल्यावर खांद्यावर, दंडावर किंवा पोटावर लावायचं, वाळू द्यायचं, वर सदरा घालायचा, हात साबणाने धुवायचे. पाच-सहा तास अंगावर पाणी घ्यायचं नाही. मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना, दुपारी घामाने निथळणाऱ्या आणि परत आंघोळ करणाऱ्या माणसाने ती वेळ मोजून ठेवायला हवी. त्याहून गंभीर गोष्ट लहान मुलांची. उन्हाळ्यात बनियन काढून, नातवाला किंवा लेकराला छातीवर घेऊन झोपायची आपली रीत. जेल लावलेल्या त्वचेला लेकराची त्वचा लागली तर औषध त्याच्या अंगात जातं. मुलांत वेळेआधी वयात येण्याची लक्षणं दिसल्यामुळे २००९ मध्ये अमेरिकेत जेलच्या पाकिटावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला गेला. गरोदर बाईसाठीही हाच धोका. घरात लहान मूल असेल आणि लावलेली जागा झाकणं जमणार नसेल, तर इंजेक्शन बरं.

अनडेकॅनोएटच्या तोंडाने घ्यायच्या गोळ्या, खरं तर मऊ कॅप्सूल, यकृत टाळून आतड्यातल्या लसीकावाहिन्यांतून रक्तात जातात. त्यासाठी जेवणात तेल-तूप असावं लागतं, आणि दिवसातून दोनदा घ्याव्या लागतात. उपाशीपोटी घेतल्या तर घेतल्या न घेतल्यासारख्या. रोजे ठेवणाऱ्यांना सहरी आणि इफ्तार या दोन वेळा बसवून घेता येतात, पण इफ्तारला खजूर आणि पाण्यावर घेऊन चालणार नाही, जेवणाबरोबरच घ्याव्यात. कडक उपवास करणाऱ्यांनीही तो दिवस आधी डॉक्टरांशी बोलून ठेवावा.

औषध कोणतंही असो, रक्ततपासणी कोणत्या दिवशी केली हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. रिपोर्टवर ७८० छापलेलं असतं. ते इंजेक्शनच्या दुसऱ्या दिवशीचं आहे की विसाव्या, हे कागद सांगत नाही. दुसऱ्या दिवशीचं असेल तर औषध लवकरच कमी पडणार आहे, विसाव्या दिवशीचं असेल तर फार जास्त चाललं आहे. एनान्थेट किंवा सायपिओनेटवर असलेल्याने दोन इंजेक्शनांच्या बरोबर मधल्या दिवशी रक्त द्यावं, आणि तेव्हा आकडा ३५० ते ६०० च्या दरम्यान असावा अशी एंडोक्राइन सोसायटीची सूचना आहे. त्रास चढउताराचा असेल तर शिखराच्या आणि तळाच्या अशा दोन तपासण्या जास्त उलगडून सांगतात. अनडेकॅनोएटच्या इंजेक्शनसाठी पुढचं इंजेक्शन घेण्याच्या आधी. जेलसाठी, निदान एक आठवडा नियमित वापरून, लावल्यानंतर दोन ते आठ तासांत. घरातल्या कालनिर्णयवर दुधाचा हिशेब लिहितात तसंच इंजेक्शनच्या तारखेला एक खूण करावी, आणि रोज रात्री एक ते पाचपर्यंत एक आकडा लिहावा: आज दिवस कसा गेला. दोन महिन्यांत पान स्वतःच बोलू लागतं.

आणखी दोन तपासण्या सुटता कामा नयेत. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात लाल पेशींचा वाटा, उपचाराआधी, मग तीन ते सहा महिन्यांत आणि नंतर दरवर्षी. तो ५४ टक्क्यांच्या वर गेला तर औषध थांबवून तो उतरेपर्यंत वाट पाहतात, आणि पुन्हा सुरू करताना डोस कमी करतात किंवा अंतर बदलतात. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात एक सावधगिरी हवी. अंगात पाणी कमी असेल तर हिमॅटोक्रिट उगाच वर दिसतो. आदल्या दिवशी उन्हात काम करून, सकाळी पाण्याचा घोटही न घेता दिलेल्या रक्तावरून औषध बंद करण्याआधी, भरपूर पाणी पिऊन पुन्हा तपासावं. तपासणी उपाशीपोटी असली तरी साधं पाणी चालतं. दुसरी तपासणी प्रोस्टेटची, पीएसए, मध्यमवयीन आणि वयस्कर पुरुषांसाठी. हृदयाबद्दल २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्रॅव्हर्स चाचणीत ४५ ते ८० वयाच्या पाच हजारांहून अधिक पुरुषांना जेल किंवा नुसतं बिनऔषधी जेल दिलं होतं. हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात मिळून प्रमाण जवळपास सारखं निघालं, पण अनियमित ठोके, फुप्फुसात रक्ताची गाठ आणि मूत्रपिंडाची इजा औषध घेणाऱ्यांत अधिक दिसली. एका पायाला सूज आली किंवा अचानक दम लागला तर वाट पाहत बसू नये.

एका वेळी एकच गोष्ट बदलावी. डोसही कमी केला, अंतरही बदललं, आणि औषधही वेगळं घेतलं, तर कशाने बरं वाटलं हे कधीच कळत नाही. बदल केल्यावर नवी पातळी स्थिरावायला चार-पाच अर्धायुष्यं लागतात. एनान्थेटला तीन आठवडे, अर्धायुष्य आठ दिवसांचं असलेल्या सायपिओनेटला पाच-सहा. कामेच्छेतला फरक तीन ते सहा आठवड्यांत जाणवतो, मनाची उभारी कित्येकदा चार-सहा महिने सावकाश वाढत राहते. पंधरा दिवसांत फरक पडला नाही म्हणून वेळापत्रक पुन्हा बदलायला सांगणारे रुग्ण, आणि तसं करून देणारे डॉक्टर, दोघेही स्वतःचंच काम अवघड करतात.

हेच सगळं ट्रान्स पुरुषांना लागू आहे. औषधं तीच, तेलं तीच, चढउतारही तोच. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या नालसा निकालाने स्वतःची लिंगओळख ठरवण्याचा हक्क मान्य केला आणि ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१९ च्या कायद्यात सरकारी सेवांच्या यादीत हार्मोन उपचारांचा उल्लेख आला. तरी मराठवाड्यातल्या एखाद्या तरुणाला मोकळेपणाने विचारता येईल असा डॉक्टर सापडणं अजून सोपं नाही, आणि म्हणून तो कुणाच्या तरी सांगण्यावरून तीन-तीन आठवड्यांनी टोचून घेत राहतो. त्याच्या बाबतीत तळाच्या दिवसांची जास्तीची खूण म्हणजे थांबलेली पाळी पुन्हा डोकावणं. पाळी थांबली तरी गर्भ राहू शकतो आणि टेस्टोस्टेरॉन गर्भाला घातक आहे, हे त्याला स्पष्ट सांगायला हवं.

मूल हवं असलेल्या पुरुषाला तर सुरू करण्याआधीच थांबवलं पाहिजे. बाहेरचं टेस्टोस्टेरॉन पिट्युटरीला गप्प करतं आणि शुक्रजंतू बनणं बंद पडतं, इतकं की जागतिक आरोग्य संघटनेने १९९० च्या दशकात आठवड्याला २०० मिलिग्रॅम एनान्थेट पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासलं होतं. वंध्यत्वावर उपाय म्हणून हेच इंजेक्शन कुणी सुचवलं तर ते घेऊ नये. पिट्युटरीत दोष असेल तर एचसीजी या संप्रेरकाच्या इंजेक्शनांनी वृषणाला स्वतःचं काम करायला लावता येतं. जिममध्ये अंग कमावण्यासाठी घेणाऱ्या पोरांनाही हेच भोगावं लागतं, आणि बंद केल्यावर स्वतःचं टेस्टोस्टेरॉन परत यायला कित्येक महिने जातात. चिठ्ठीशिवाय हे औषध विकायला कायद्याने बंदी आहे ती उगाच नाही.

कालनिर्णयवरच्या आकड्यांकडे परत येऊ. वाईट दिवस दर वेळी पुढच्या इंजेक्शनच्या आधीच्या चार-सहा दिवसांत जमा होत असतील, तर अंतर कमी करून पाहण्यासारखं आहे. चिडचिड, मुरुमं आणि अस्वस्थ झोप इंजेक्शननंतरच्या तीन दिवसांत येत असेल, तर डोसचे भाग पाडावेत. पण वाईट दिवस महिनाभर कसेही विखुरलेले असतील, आणि मधल्या दिवशीचा आकडाही ठीक असेल, तर इंजेक्शनचं वेळापत्रक आहे तसं राहू द्यावं आणि दुसरीकडे शोधावं. रात्री घोरणं आणि श्वास अडकणं आहे का, हे बायकोला विचारावं. स्लीप अ‍ॅप्नियाने थकवा येतो आणि टेस्टोस्टेरॉनने तो काहींत बळावतो. थायरॉइड, हिमोग्लोबिन, आणि शाकाहारी घरात विशेषतः बी-१२ तपासून घ्यावं. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, जगण्यात रस उरला नाही, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्यावर वेगळे उपचार आहेत. घाटीतला मानसोपचार विभाग त्यासाठी आहे. रात्री-अपरात्री बोलायला टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.